तळटीप १४ : पांढरा घोडा

१४. पांढरा घोडा : ऑक्सफर्डशरमधील अफिंग्टन गावाजवळ डोंगरउतारावर कोरलेली सुमारे ११० मीटर लांबीची आकृती. हिरवळ काढून चर खणायचे आणि त्यांत खडूच्या दगडाचा चुरा ठासायचा, अशी ही घडण. गवत माजू दिले तर घोडा दिसेनासा होईल. म्हणून आजही स्वयंसेवक गुडघे टेकून हातोडीने नवा खडू ठोकतात. १९९०च्या दशकातील मातीच्या परीक्षणानुसार तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण सापडू नये म्हणून तो झाकून ठेवला होता. शेतावरच्या सुसज्ज तंबूत उतरलेले लेखिकेसारखे पाहुणे थेट त्याच्या डोक्यापाशी जातात. तिथून मात्र तो पुरता दिसत नाही, त्यासाठी समोरच्या खोऱ्यातच उतरावे लागते.

पुढच्या परिच्छेदातले ‘लोहाराचे घर’ म्हणजे वेलंड्स स्मिदी. रिजवे या प्राचीन वाटेने पश्चिमेला सुमारे दोन किलोमीटरवर. खरे तर हे नवाश्मयुगीन थडगे. घोडा आणि एक नाणे रात्री इथे ठेवले, तर सकाळी नाल ठोकलेला मिळतो, अशी आख्यायिका आहे.