सहा टिंबांतले सूर



ओव्या आपण कानाने शिकलो. मग अंध माणसाला गाण्याचा कागद कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. पण पाश्चात्त्य संगीतात वादकापुढे स्वरलिपीचा कागद असतो. पाच आडव्या रेघा, त्यावर सुरांच्या खुणा. तो वाचता आला नाही, तर दुसरं कुणी वाजवून दाखवेपर्यंत थांबावं लागतं.

हे थांबणं संपवलं लुई ब्रेल यांनी. जन्म १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या अवजाराशी खेळताना टोक डोळ्यात गेलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथल्या पुस्तकांत नेहमीचीच अक्षरं मोठी, उठावाची छापलेली असत. ती चाचपत वाचायला फार वेळ लागे.

ब्रेल यांनी सहा टिंबांची लिपी केली. १८२९ साली तिचं पुस्तक निघालं आणि त्याच्या नावातच संगीताचा उल्लेख होता. ते स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. त्यांच्या स्वरलिपीत रेघाच नाहीत. वरची चार टिंबं सूर सांगतात, खालची दोन टिंबं तो किती वेळ धरायचा ते. वादक एका हाताने वाचतो, दुसऱ्याने वाजवतो. दोन्ही हातांचं वाजवणं आधी थोडं थोडं पाठ करतो.

तरीही त्याच शाळेत पुढे एका संचालकांनी या लिपीवर बंदी घातली. डोळसांपेक्षा वेगळी लिपी त्यांना नको होती. मुलं लपूनछपून ती वापरत राहिली. ब्रेल १८५२ मध्ये वारले, आणि फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये.

लिपी झाली, तरी त्या लिपीतले कागद हवेत. २०१३ च्या माराकेश करारामुळे हक्कधारकाची परवानगी न घेता अंधांसाठी पुस्तकांच्या आणि स्वरलिपीच्या प्रती करण्याची वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये या करारावर सर्वात आधी शिक्कामोर्तब करणारा देश आपला भारत.

आम्ही बचत गटवाल्या यातून एक गोष्ट घेतो. गावातल्या अंध मुलीला पेटी शिकायची असेल, तर तिला काय जमेल हे आपणच ठरवू नये. तिला काय लागतं ते आधी तिलाच विचारावं, आणि ब्रेल शिकवणारी शाळा कुठे आहे याची चौकशी गटाने करावी.