पहिल्या नंबरचा बांगडा

मासा ताजा की शिळा, हे सांगण्याचा माझा अधिकार आमच्या घरात कोणी नाकारत नाही. आम्ही रत्नागिरीचे. डोळा चकचकीत हवा, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. या तीन कलमांवर मी जन्मभर कोळणींशी हुज्जत घातली. तेव्हा हॉलंडात, लायडनच्या शनिवारच्या बाजारात, जावयाने एक थोराड बांगडा पुढे धरला, तो उलटसुलट करून मी निकाल दिला, "पहिला नंबर!"

"मग बाबा, घरी कच्चाच खाऊ या. नुसतं लिंबू पिळून!"

जावई मूळचा सदाशिव पेठेतला. उशिरा मासे खायला लागलेल्या माणसाला धरबंद नसतो. वर पुरावाही दिला. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी स्पॅनिश वेढा उठला, तेव्हा उपाशी लायडनकरांना हेरिंग मासा आणि पांढरा पाव मिळाला. आजही त्या तारखेला गावभर तेच खातात. शेपटीला धरून हेरिंग घशात सोडणारी माणसं मी पाहिली होती. मीही म्हटलं, "ताजा आहे ना? मग खुशाल खा."

मासेवाल्याने मात्र आमचा बेत ऐकून सुरी खाली ठेवली. "हेरिंग आधी गोठवलेलं असतं. हा नाही. हा तळा."

माझं सर्टिफिकेट कोणी परत केल्याची ही पहिलीच वेळ! रात्री मुलीने काढून दिलेलं वाचत बसलो. पूर्वी डच कोळी बोटीवरच हेरिंगची आतडी काढून ती मिठात मुरवत. पुढे बर्फ आला, मीठ कमी झालं, मासे आतड्यांसकट बंदरात येऊ लागले. माशाच्या आतड्याभोवती एक पांढरट, दोनतीन सेंटिमीटरची अळी वेटोळं करून असते. मासा मेला की ती मांसात शिरू शकते. हेरिंग खाऊन पोटात मरणाच्या कळा येणारे रोगी निघाले. १९६० साली व्हान थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुन्हेगार जाहीर केला : हीच अळी. १९६८ पासून कायदाच झाला, हेरिंग विकण्यापूर्वी उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवायचं.

म्हणजे मासा जितका ताजा, तितकी आतली अळीही ताजी! माझ्या तीन कलमांत तिचा उल्लेखच नव्हता. आणि लिंबू? लिंबाने मांस शिजल्यासारखं पांढरं दिसतं, एवढंच. देवमाशाच्या जठरात संसार थाटणाऱ्या जातीला लिंबाच्या फोडीचं काय कौतुक!

"मग आपल्याच फ्रीजरमध्ये ठेवू की!" जावई सकाळी म्हणाला. आत थर्मामीटर ठेवून पाहिला. उणे १६. त्यातच नातू दर तासाला आइस्क्रीमसाठी दार उघडत होता. शिवाय गोठवल्याने अळी मरते. जंतू सगळे मरतीलच असं नाही. जावयाचं तोंड एवढंसं झालं.

एवढा वेळ आमची ही गप्प होती. तिने बांगडा उचलला, मघाशी माझं बोट जिथं दाबलं होतं तिथंच दोन चिरा दिल्या, हळद-तिखट-मीठ चोळलं आणि रव्यात घोळवून तव्यावर टाकला. चुर्र झालं.

"आतपर्यंत शिजू दे हं," मी अधिकारवाणीने म्हटलं.

"तुम्ही तेवढे कल्ले बघा," ती म्हणाली.