पैनगंगेकाठचा शंकरपट

शंकरपट म्हणजे बैलजोडीची घड्याळाशी शर्यत. सरळ आखलेल्या धावपट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटते, छकड्यावर एकटा धुरकरी असतो, आणि जी जोडी कमीत कमी वेळात पल्ला गाठते ती नंबरात येते. वऱ्हाड, झाडीपट्टी आणि त्यांना लागून असलेला मराठवाडा हा या शर्यतीचा मुलूख. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर या मुलखाच्या ऐन सांध्यावर आहे. जवळच सहस्रकुंडचा धबधबा आहे आणि तिथे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो.

या सांध्यावरच्या सीमा अनेकदा बदलल्या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा दोन राज्यकारभारांमधली हद्द झाली. इस्लापूर निजामाच्या बाजूला राहिले. पुढे ते आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळाचा वेगळा उल्लेख आहे; ते मंडळ आणि किनवट व राजुरा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आले. कागदावरची हद्द अशी सरकत राहिली, पण बैलांची पारख, त्यांची खरेदी-विक्री आणि पटाची हौस नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच राहिली. बंजारा, आंध, गोंड, कोलाम आणि कुणबी वस्तीच्या या भागात बैलाचे मोल सर्वांना ठाऊक होते. बंजाऱ्यांचे तांडे तर रस्ते आणि रेल्वे येईपर्यंत धान्य व मीठ बैलांच्या पाठीवरूनच देशभर नेत असत.

पटाचा हंगाम शेतीने ठरवला आहे. खरिपाचे धान्य घरात आले, कापसाची वेचणी उरकत आली की शिवार मोकळे होते आणि बैलांनाही उसंत मिळते. त्यामुळे पट हिवाळ्यात भरतात आणि महाशिवरात्रीच्या सुमारापर्यंत चालतात. बैल हा शंकराचा नंदी, म्हणून शर्यतीला शंकराचे नाव मिळाले, अशी लोकांची समजूत आहे. झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटके होतात. देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्यांचा मोठा आधार पट आणि मंडई नावाची जत्रा हेच आहेत. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाचे नाव सर्वदूर आहे, आणि तिथे स्त्रियाही जोडी हाकतात.

महाराष्ट्राच्या इतर भागांत शर्यतीची रीत वेगळी आहे. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात गाडा चढाच्या घाटात पळतो. त्याला चार बैल असतात, पुढे घोडी धावते आणि गाड्यावर कोणी बसत नाही. सातारा-सांगलीकडे छकडे एका वेळी शेजारी शेजारी सुटतात, तर अलिबाग-मुरूडकडे ओहोटीच्या ओल्या वाळूवर.

पटाचा बैल आधी कामाचा बैल होता, हे या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र. नांदेडची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी या जाती नांगर-वखराच्या कष्टाला नावाजलेल्या. वर्ध्याकडचा गवळाऊ भरभर चालण्यासाठी प्रसिद्ध. माणसांची ने-आण दमणीतून होई आणि कोणाची दमणी आधी पोचते याची चुरस वाटेवरच लागे. तीच चुरस पुढे आखलेल्या पट्टीवर आली. मग छकडा हलका होत गेला आणि त्यातून ओझे वाहण्याचा उपयोग संपला. पटाच्या बैलाला सरकी, ढेप, हरभऱ्याचा खुराक आणि रोजचा सराव मिळू लागला, आणि नांगरापासून तो दूर झाला. हातातल्या घड्याळाची जागा सेकंदाचे अपूर्णांक मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाने घेतली.

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीचाही प्रवास असाच झाला. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते तशी मोटार. चोरटी दारू पोचवणारे चालक पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून अशाच मोटारी आतून बदलून वेगवान करीत, आणि त्यांतले काही जण दक्षिणेकडच्या मातीच्या गोल मैदानांवर शर्यतीतही उतरत. १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे केवळ मूळ रूपातल्या मोटारींची पहिली शर्यत झाली. पहिल्या आलेल्या ग्लेन डनअवेच्या मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला, म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला विजयी ठरवण्यात आले. आजच्या नॅस्कारच्या मोटारी मात्र मुळापासून शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात.

बैलाच्या बाबतीत मात्र प्रश्न वेदनेचा होता. पराणीची आर टोचणे, शेपूट पिरगाळणे, विजेचा झटका देणे हे प्रकार घडत होते आणि त्यांवरचे आक्षेप खरे होते. केंद्राने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीची नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ मध्ये शर्यतींना मुभा देण्यासाठी राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाच्या कायद्यांसह महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला.

बंदीच्या त्या वर्षांत ट्रॅक्टरने शेतीतला बैल आणखी मागे सारला. आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, पशुवैद्य जोड्या तपासतात आणि क्रूर वागणुकीला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. मोठ्या पटांत खुल्या गटाच्या जोड्या दूरवरून वाहनांत येतात. त्यांच्याबरोबर अनेक ठिकाणी गावगट ठेवतात. त्यात त्याच गावच्या शेतकऱ्याची जोडी धावते, एरवी औताला जुंपली जाणारी.