गिटारचा व्हॉल्व्ह कॉम्बो ॲम्प्लिफायर

गिटारचा व्हॉल्व्ह कॉम्बो ॲम्प्लिफायर हे इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा क्षीण विद्युत संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून स्पीकरमधून ऐकवणारे उपकरण होय. विज्ञानविषयक मराठी ग्रंथांत ॲम्प्लिफायरला ‘विवर्धक’ व निर्वात नलिकेला ‘इलेक्ट्रॉन नलिका’ असे म्हटले जाते. व्यवहारात मात्र ‘ॲम्प्लिफायर’ आणि ‘व्हॉल्व्ह’ हेच शब्द रूढ आहेत. ॲम्प्लिफायर व स्पीकर एकाच लाकडी पेटीत बसवलेले असल्यास त्या प्रकारास ‘कॉम्बो’ म्हणतात. १९५० व १९६० च्या दशकांतील आराखड्यांबरहुकूम असे कॉम्बो आजही तयार होतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या निवडीचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणांच्या, विशेषतः जालना जिल्ह्यासारख्या भागाच्या, दृष्टीने केला आहे. या विषयावरील बहुतेक लेखन अमेरिका व ब्रिटन येथील वीजपुरवठा आणि दुरुस्तीच्या सोयी गृहीत धरून झालेले असल्यामुळे ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

रचना व कार्य

गिटारच्या तारांखाली चुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार छेडली की या वेटोळ्यात अल्प विद्युत दाब निर्माण होतो. हा संकेत प्रथम लहान व्हॉल्व्हमध्ये वाढवला जातो. या कामासाठी १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह सर्वाधिक वापरला जातो. युरोपीय पद्धतीत त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. त्यानंतर ६व्ही६, ६एल६, ईएल८४ किंवा ईएल३४ यांपैकी एखाद्या प्रकारचे मोठे व्हॉल्व्ह त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देतात. व्हॉल्व्हचा दाब जास्त व प्रवाह कमी असतो, तर स्पीकरला याच्या उलट हवे असते. म्हणून दोहोंमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. संपूर्ण यंत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा व बदलण्यास महाग पडणारा भाग आहे.

रेडिओ किंवा सभेच्या लाउडस्पीकरसाठी मूळ आवाजात बदल न होणे हा गुण मानला जातो. गिटारच्या बाबतीत नेमके उलट घडले. व्हॉल्व्हला त्याच्या क्षमतेपलीकडे नेले असता ध्वनितरंगाचे माथे एकदम छाटले न जाता हळूहळू दबते आणि मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उमटतात. वादकाने तार हलकेच छेडली तर आवाज स्वच्छ राहतो, जोराने छेडली तर तो खरखरीत व भरीव होतो. तानपुऱ्याच्या जवारीमुळे तारेचा स्वर उपस्वरांनी भरून येतो; तेथील कारण वेगळे असले तरी कानाला मिळणारी समृद्धी त्याच जातीची म्हणता येईल. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये तरंग तुलनेने अचानक कापला जातो व आवाज कर्कश होतो.

इतिहास

जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची नलिका तयार केली. विद्युत संकेत वाढवणे या दुसऱ्या नलिकेमुळे शक्य झाले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे ‘चॅम्प’, ‘डीलक्स’, ‘बासमन’, ‘ट्विन’ हे ॲम्प्लिफायर पुढे नमुनेदार ठरले. ब्रिटनमध्ये जेनिंग्ज यांच्या कंपनीने डिक डेनी यांच्या आराखड्यानुसार १९५८ मध्ये ‘व्हॉक्स एसी१५’ व त्यानंतर लवकरच दुप्पट शक्तीचा ‘एसी३०’ बाजारात आणला. लंडनमधील दुकानदार जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये तयार झालेला पहिला ॲम्प्लिफायर फेंडरच्या ‘बासमन’वरूनच बेतलेला होता. आजच्या ‘व्हिंटेज’ म्हणवणाऱ्या बहुतेक कॉम्बोंचे मूळ या तीन घराण्यांत सापडते.

महाराष्ट्रातील वापर

व्हॉल्व्ह हे उपकरण मराठी घरांना गिटारमुळे नव्हे, तर रेडिओमुळे परिचित झाले. बटण फिरवल्यावर काही क्षण थांबून, तापून मग बोलू लागणारा मर्फी, फिलिप्स किंवा बुश कंपनीचा रेडिओ आज साठी ओलांडलेल्या पिढीच्या आठवणीत आहे. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६० च्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवण्यास आरंभ केला. जत्रांमधील तंबूच्या टुरिंग टॉकीज आणि लग्नमंडपातील भोंगे हेदेखील व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवरच चालत. ‘एसी३०’मध्ये जो ईएल८४ वापरला जातो, तो मुळात रेडिओसारख्या उपकरणांसाठी तयार झालेला व्हॉल्व्ह होय. त्यामुळे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरास गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा परका वाटत नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर ही विद्या मागे पडली; ती जाणणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत आणि निवडीच्या प्रश्नात या गोष्टीला किमतीइतकेच महत्त्व आहे.

विजेवर चालणारी गिटार सर्वसामान्य श्रोत्यांनी प्रथम ऐकली ती बहुधा आकाशवाणीवरून, चित्रपटगीतांच्या धून वाजवणाऱ्या हवाईयन गिटारच्या रूपाने. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही या क्षेत्रातील प्रसिद्ध नावे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादकवृंदांत आणि १९७० व १९७१ च्या ‘सिमला बीट’ ध्वनिमुद्रिकांवरील तरुणांच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटारला मानाचे स्थान मिळाले. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी ॲम्प्लिफायर दुर्मीळ होते. परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वाद्य मागवणे किंवा स्थानिक कारागिराकडून ॲम्प्लिफायर बांधून घेणे, हेच दोन मार्ग बहुतेकांना उपलब्ध होते.

निवड : किती वॅटचा?

सर्वाधिक चुका या प्रश्नावर होतात. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ५ वॅटच्या ॲम्प्लिफायरहून सुमारे दुप्पटच मोठा ऐकू येतो.

दुसरीकडे, ५ वॅट हे अल्प नाहीत. ज्या स्पीकरची संवेदनक्षमता १ वॅटला एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल आहे, तो ५ वॅटला सुमारे १०२ डेसिबल आवाज देतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा आवाज शेजाऱ्यांना आणि वादकाच्या कानांनाही असह्य होतो. व्हॉल्व्हचा भरीव स्वर तो मर्यादेजवळ काम करू लागल्यावरच मिळत असल्याने, घरात ८५ वॅटचा ‘ट्विन रिव्हर्ब’ ठेवणाऱ्यास तो स्वर सहसा ऐकायलाच मिळत नाही. घरगुती सरावासाठी एका ६व्ही६ व्हॉल्व्हवर चालणारा ५ वॅटचा ‘चॅम्प’सारखा कॉम्बो पुरतो. लहान सभागृह किंवा प्रार्थनागृहासाठी १२ ते २२ वॅटचा पुरेसा होतो. फेंडरचे ‘प्रिन्स्टन रिव्हर्ब’, ‘डीलक्स रिव्हर्ब’, ‘ब्लूज ज्युनिअर’ आणि व्हॉक्सचा ‘एसी१५’ हे या गटात मोडतात. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रासाठीही याहून मोठा लागत नाही, कारण तेथे स्पीकरसमोर माइक लावून आवाज मुख्य ध्वनियंत्रणेत नेला जातो. ३० वॅट व त्यावरील कॉम्बो हे माइकशिवाय मोठ्या तालवाद्यांसमोर वाजवण्यासाठी निर्माण झाले. ती गरज आता क्वचितच उरली आहे.

स्पीकरची संवेदनक्षमता मात्र अवश्य पाहावी. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे फुकटात वॅट दुप्पट करणे होय.

वीजपुरवठा

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. अमेरिकेत तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. अमेरिकेतील नातलगांकडून आणवलेला कॉम्बो येथील सॉकेटमध्ये थेट लावल्यास फ्यूज तरी जातो, नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो. दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून काम भागते, परंतु त्याने कंप्रता बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. शिवाय अशा स्वस्त ट्रान्सफॉर्मरना पुष्कळदा दोनच पिनांचे सॉकेट असते आणि अर्थिंग तेथेच तुटते. म्हणून मागील पट्टीवर २३० किंवा २४० व्होल्ट असे छापलेला नग घेणे श्रेयस्कर. पैसे वाचले असे वाटून अमेरिकी नग घेणाऱ्याचा खर्च बहुधा नंतर निघतो.

दाबातील चढउतार ही ग्रामीण भागातील दुसरी अडचण. संध्याकाळी किंवा कृषिपंप सुरू असताना दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ व्होल्टऐवजी सुमारे ४.९ व्होल्टच मिळतात. आवाज मलूल होतो आणि दीर्घकाळ असे चालल्यास व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. पुरवठा २६० व्होल्टवर गेला तर त्याहून वाईट. तंतू, धारित्रे व ट्रान्सफॉर्मर या सर्वांवर ताण येतो. चांगल्या प्रतीचा स्टॅबिलायझर ही येथे चैन नसून ॲम्प्लिफायरच्या किमतीचाच भाग समजावा. मंडपातील जनरेटरवर जोडण्यापूर्वी त्याचा दाब मीटरने मोजून घ्यावा. तेथे ‘चालतंय की’ या भरवशावर राहू नये.

व्हॉल्व्ह, बांधणी व वजन

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवल्यावर जगभर टंचाई निर्माण होऊन भाव चढले होते. म्हणून १२एएक्स७, ईएल८४, ६व्ही६, ६एल६ यांसारख्या एकाहून अधिक देशांत बनणाऱ्या प्रकारांवर चालणारा कॉम्बो निवडावा. अनोख्या व्हॉल्व्हवरील स्वस्त जुना नग मोहात पाडतो, पण व्हॉल्व्ह गेल्यावर तो केवळ शोभेची पेटी उरतो.

मोठे व्हॉल्व्ह बदलल्यावर काही कॉम्बोंमध्ये त्यांचा स्थिर प्रवाह, म्हणजे ‘बायस’, मीटर लावून जुळवावा लागतो. ज्यात बायस ऋणाग्राला जोडलेल्या रोधकाने आपोआप ठरतो, त्यात ही गरज सहसा पडत नाही. जेथे जाणकार कारागीर जवळ नाही, तेथे हा दुसरा प्रकार सोयीचा. ‘चॅम्प’, १९५० च्या दशकातील ‘डीलक्स’ आणि व्हॉक्सचे कॉम्बो त्यात येतात. बांधणीतही हाताने जोडलेल्या तारांची रचना दुरुस्तीला सोपी असते. छापील बोर्डाचे कॉम्बो स्वस्त व पुरेसे विश्वसनीय असतात. मात्र व्हॉल्व्हचे खाचे बोर्डावरच बसवलेले असल्यास उष्णतेने तेथील डाख सैल होण्याचा संभव असतो. जालन्याचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, हे येथे ध्यानात घ्यावे. पेटीची मागील बाजू भिंतीला टेकवू नये.

वजनाचा विचार दुकानात सुचत नाही, रेल्वेच्या फलाटावर सुचतो. ‘ब्लूज ज्युनिअर’ सुमारे १४ किलो, ‘डीलक्स रिव्हर्ब’ १९ किलो, ‘ट्विन रिव्हर्ब’ २९ किलो आणि ‘एसी३०’ सुमारे ३२ किलो भरतो. दुरुस्तीसाठी मुंबई वा पुणे गाठावे लागणाऱ्या वादकास हे आकडे महत्त्वाचे आहेत.

केवळ हेडफोन लावून सराव करणाऱ्या किंवा एकाच कार्यक्रमात दहा प्रकारचे आवाज लागणाऱ्या वादकास डिजिटल ॲम्प्लिफायर अधिक उपयोगी पडतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जुना नग व सुरक्षितता

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये २५० ते ४५० व्होल्ट एकदिश दाब असतो. वीज बंद करून पिन काढल्यानंतरही धारित्रांत तो काही काळ साठून राहतो व प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे पेटीतील धातूचा सांगाडा अननुभवी व्यक्तीने उघडू नये.

जुन्या अमेरिकी नगांना दोन पिनांची वायर असते आणि सांगाडा एका धारित्राद्वारे वीजवाहिनीला जोडलेला असतो. हे धारित्र बिघडल्यास गिटारच्या तारांतच वीज उतरते. असे धारित्र काढून, तीन पिनांची वायर बसवून सांगाडा अर्थिंगला जोडणे ही खरेदीनंतरची पहिली दुरुस्ती होय. मात्र घरातल्या सॉकेटची तिसरी पिन खरोखर जमिनीशी जोडलेली आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय तिचा उपयोग नाही. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे रंगमंचावरच मृत्यू झाला. अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होताच त्यांना विजेचा धक्का बसला होता. मंडपातील तात्पुरत्या जोडण्यांत हाच धोका असतो.

विद्युत धारित्रे साधारण दोन दशकांनी कोरडी पडतात. सतत गुणगुण ऐकू येणे हे त्याचे लक्षण. ती बदलण्याचा खर्च जुन्या नगाच्या किमतीत धरावा. ट्रान्सफॉर्मर मूळचा व शाबूत असेल, तर बाकीचे बहुतेक दोष दुरुस्त होतात. जळकट वास येत असल्यास व्यवहार थांबवावा.

स्पीकर जोडलेला नसताना ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. फ्यूज गेल्यास त्याच मापाचा बसवावा. गेलेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडील सवय येथे फार महागात पडते. फ्यूज वाचवतो तो ट्रान्सफॉर्मरला, आणि तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर जिल्ह्याच्या बाजारपेठेत सहसा मिळत नाही. वादन संपल्यावर व्हॉल्व्ह निवेपर्यंत पेटी हलवू नये.