आर्द्रक टाकी (सीपॅप यंत्राची)

झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटून श्वास अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, वापरल्या जाणाऱ्या सीपॅप यंत्राला जोडलेली पाण्याची लहान टाकी. यंत्राने खोलीतून ओढलेली हवा या टाकीतल्या कोमट पाण्यावरून जाते, ओलावा घेते आणि नळीवाटे मास्कमध्ये पोहोचते. वापरणारे हिला ‘पाण्याचा टब’ किंवा ‘चेंबर’ म्हणतात. बहुतेक टाक्यांत तीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी मावते. टाकी दिसायला साधी असली तरी रात्रभर नाकातून आत जाणारी हवा तिच्यातूनच येते. त्यामुळे तिची निवड आणि सफाई हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

सतत दाबाची हवा नाकावाटे देऊन घसा उघडा ठेवण्याची सीपॅपची पद्धत ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी शोधली. तिच्यावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८१ साली प्रसिद्ध झाला. आजची घरगुती यंत्रे साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब देतात. एवढ्या जोराने सहासात तास हवा वाहिली की नाकाचे अस्तर कोरडे पडते, नाक चोंदते, आणि झोपेत तोंड उघडे राहिले तर घसा सुकून सकाळी आवाजही फुटत नाही. यंत्र घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मास्क काढून ठेवणाऱ्यांच्या तक्रारींत हा कोरडेपणा नेहमी असतो. टाकीची सोय त्यासाठीच आली.

टाकीचा तळ धातूचा असतो आणि तो यंत्रातल्या तापपट्टीवर टेकतो. पाणी उकळत नाही, नुसते कोमट होते, आणि वरून जाणारी हवा वाफ उचलून नेते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या टाकीतून थेंब उडत नाहीत, वाफ जाते. पाण्यात विरघळलेले क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते टाकीतच मागे राहतात. पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत सोडणाऱ्या अल्ट्रासोनिक आर्द्रकाचे तसे नसते. तिथे क्षारांची पांढरी भुकटी टेबलावर बसलेली दिसते आणि ती छातीतही जाते. सीपॅपमध्ये नळाच्या पाण्याने पहिले नुकसान होते ते टाकीचे. फुफ्फुसांना धोका येतो तो साचलेल्या, शिळ्या पाण्यातून आणि ते नळीत सांडले तर.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी पाण्याचा प्रश्न जांभूळपासून सुरू होतो. अंबरनाथ तालुक्यातल्या या गावी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी येथे शुद्ध होऊन कारखान्यांना आणि उल्हासनगरसह ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना जाते. अंबरनाथ-बदलापूरच्या बऱ्याच भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून वेगळे पाणी देते. दोन्हीकडच्या शुद्धीकरणाचे तत्त्व एकच आहे : तुरटीसारख्या द्रव्याने गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचे. यात माती जाते, जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार जसेच्या तसे राहतात. पिण्यासाठी त्यात काही वावगे नाही. भारतीय मानकात (आय.एस. १०५००) एकूण विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. म्हणजे पिण्याच्या पाण्याचे मानक क्षार नसण्याची हमी देतच नाही, आणि टाकीला हवे ते नेमके तेच.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, लिटरला १५० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी भरले आणि रात्रीत त्यातले ३०० मिलिलिटर उडून गेले. मागे ४५ मिलिग्रॅम क्षार उरले. रोज नुसती भर घालत राहिले तर महिन्याला सव्वा ग्रॅमहून अधिक थर बसतो. तेच पाणी बोअरवेलचे असेल आणि क्षार ५०० असतील, तर साडेचार ग्रॅम. हा फरक या भागात पुस्तकी राहत नाही. जांभूळ केंद्राच्या आणि त्याच्या जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी अनेकदा गुरुवारी मध्यरात्रीपासून शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत चोवीस तास पाणी बंद असते. त्या दिवशी सोसायटीत टँकर येतो, नाहीतर बोअरचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. बेसॉल्टच्या भेगांतून आलेल्या या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असते. नळ तोच आणि तोटीही तीच, म्हणून पाणी बदलल्याचे घरच्यांच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते टाकीच्या धातूच्या तळावर : कडेला, जिथे पाणी सर्वांत शेवटी आटते तिथे, नखाने खरवडले तर खरखर लागणारे एक पांढरे कडे उठते.

म्हणून टाकीत ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावे, असे जवळजवळ सर्व उत्पादक सांगतात. आपल्याकडे अडचण अशी की ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हटले की दुकानदार बॅटरीचे पाणी पुढे करतो. पेट्रोल पंपावर आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे ते पाणी पुष्कळदा केवळ क्षार काढलेले असते. ते श्वासासाठी बनवलेले नसते, त्याच्या निर्जंतुकपणाची कोणी हमी घेत नाही, आणि शेजारीच ॲसिडचे कॅन असतात. ते घेऊ नये. औषधांच्या दुकानात ‘स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन’ या नावाची बाटली मागितली तर मिळते. ती महाग पडते आणि उघडल्यावर फार दिवस ठेवता येत नाही, पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्यांच्या घशाला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवलेली आहे त्यांनी काटकसर इथे करू नये. सलाईन मात्र चुकूनही घालायचे नाही, ते मिठाचे पाणी आहे.

घरच्या आर.ओ.चे पाणी बरे पर्याय म्हणून चालते. त्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात, कारण चवीसाठी बऱ्याच यंत्रांत थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते. उकळून गार केलेल्या पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. एखाद्या रात्रीची निकड भागवायला ते ठीक आहे. बाटलीबंद मिनरल वॉटर नावाप्रमाणेच खनिजयुक्त असते, त्याचा इथे काही फायदा नाही.

आर्द्रकाच्या पाण्याबद्दल महाराष्ट्र एकदा फार कठीण धडा शिकला आहे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण राज्यात मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही त्याची मुख्य कारणे होती. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्या मे महिन्यात काढलेल्या सूचनांत ऑक्सिजन देताना आर्द्रकात स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा, असे स्पष्ट सांगितले होते. ऑक्सिजनच्या आर्द्रक बाटलीत ऑक्सिजन पाण्यातून बुडबुड्यांनी जातो, सीपॅपमध्ये हवा पाण्यावरून जाते, म्हणून दोन्हींचा धोका सारखा मानता येत नाही. पण ज्या घरात मधुमेही माणूस सीपॅप लावतो, आणि अशी घरे थोडी नाहीत, तिथे ती सूचना आजही लागू धरावी असे या नोंदीचे मत आहे.

निवड : टाकी यंत्राच्या मॉडेलशी बांधलेली असते. रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० ची टाकी एअरसेन्स ११ ला बसत नाही, फिलिप्सच्या यंत्राची टाकी बीएमसी कंपनीच्या यंत्राला बसत नाही. विकत घेताना यंत्राखालच्या पट्टीवरचे पूर्ण नाव सांगावे. मिळतीजुळती म्हणून विकली जाणारी स्वस्त टाकी पुष्कळदा बसते, पण कडेचे रबर नीट दाबले जात नाही. मग हवा गळते, दाब पडतो आणि रात्रभर शिट्टीसारखा आवाज येतो. झाकण पूर्ण उघडून हात तळापर्यंत जाईल अशी टाकी मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण जिथे बोट पोहोचत नाही तिथली सफाई होत नाही. जुने किंवा भाड्याचे यंत्र घेतले तर टाकी, नळी आणि मास्क नवे घ्यावेत. यंत्रावर वाचवलेले पैसे इथे खर्च करण्यात शहाणपण आहे.

सफाई : सकाळी उठल्याबरोबर उरलेले पाणी ओतून द्यावे. सगळ्या कामांत महत्त्वाचे काम हेच, आणि टाळले जाते तेही हेच. ‘अर्धी टाकी भरलेलीच आहे, वरून घालू’ हा विचार क्षारांना आणि जंतूंना एकाच वेळी पोसतो. लिजिओनेला जातीचे जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतात, आणि बंद टाकीतले कोमट पाणी दिवसभर त्याच पट्ट्यात राहते. पाणी ओतल्यावर टाकी स्वच्छ कपड्याने पुसून झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावी. उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिक पिवळे पडून तडकते.

आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य द्रव साबण घेऊन हाताने धुवावे. झाकणाचे रबर काढता येत असेल तर काढून त्याच्या खोबणीत बोट फिरवावे. बोटाला बुळबुळीत लागले किंवा कोपऱ्यात गुलाबीसर थर दिसला तर तो जिवंत थर आहे, पाणी खळबळून निघणार नाही, मऊ ब्रशने घासावा लागेल. तारेची घासणी किंवा काथ्या वापरू नये, कारण ओरखड्यांत थर पुन्हा लवकर धरतो. पांढऱ्या क्षारांसाठी एक भाग रंगहीन व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी घालून काही वेळ ठेवावे, मग वास जाईपर्यंत धुवावे. जास्त तीव्र व्हिनेगर किंवा रात्रभर भिजवणे धातूच्या तळाला मानवत नाही. ब्लीच, स्पिरिट, डेटॉलसारखी जंतुनाशके आणि वासाचे साबण वर्ज्य. त्यांचा अंश राहिला तर रात्रभर तोच हुंगावा लागतो. सर्दीत पाण्यात निलगिरीचे तेल किंवा बाम टाकण्याची सवयही सोडावी. तो उपाय वाफाऱ्याच्या पातेल्यापुरता ठीक आहे.

पावसाळ्यात या भागात टाकी वाळतच नाही, ही खरी अडचण. दोन टाक्या घेऊन आलटूनपालटून वापरणे हा सर्वांत सरळ मार्ग, नाहीतर पुसून पंख्याखाली ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओलसर असते की ओलाव्याची पातळी खाली आणता येते, काहींना पाणी न घालताही चालते. एसी लावून झोपणाऱ्याची गोष्ट उलटी. त्याच्या खोलीत हवा कोरडी असते आणि नळी थंड असते, त्यामुळे वाफ नळीतच पाणी होऊन गुडगुडते आणि मास्कमध्ये थेंब येतात. नळीला कापडी आवरण घालावे, तापती नळी घ्यावी किंवा पातळी एक-दोन अंकांनी कमी करावी. वीज गेली आणि यंत्र इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तापपट्टी बंद करावी. पट्टी खूप वीज खाते, नुसता पंखा फार थोडी.

ओझोनने किंवा अतिनील किरणांनी आपोआप सफाई करणाऱ्या पेट्यांवर या नोंदीचा विश्वास नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच अशा पेट्यांना आपली मान्यता नसल्याचे जाहीर केले होते. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक यंत्रे परत मागवली, कारण आवाज शोषणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेच्या मार्गात येण्याची शक्यता होती. ओझोनच्या सफाईने ही झीज वाढू शकते, असेही तेव्हा कंपनीने कळवले होते. ओझोन क्षार काढत नाही आणि बुळबुळीत थरही घासून काढत नाही, म्हणजे हाताचे काम उरतेच.

टाकी धुरकट झाली, तळाला खड्डे पडले, तडा गेला किंवा रबर ताठ झाले की ती बदलावी. काही उत्पादक सहा महिन्यांची मुदत देतात. यंत्र उशीपेक्षा खाली, सपाट टेबलावर ठेवावे, म्हणजे धक्का लागला तरी पाणी मास्ककडे येत नाही. गावी नेताना किंवा नुसते एका खोलीतून दुसरीत नेतानाही टाकी आधी काढून रिकामी करावी. पाणी यंत्राच्या आत गेलेच तर ते लगेच सुरू न करता तंत्रज्ञाला दाखवावे.