झाडांनी फेडलेले ऋण

दुष्काळ आणि प्रवरेचे पाटपाणी दोन्ही जाणणाऱ्या आम्हां बेलापूरकरांना ब्राझीलचा सेबास्तियाव साल्गादो परका वाटू नये. अर्थशास्त्राची नोकरी सोडून १९७३ साली त्याने कॅमेरा हाती धरला. १९८४-८५ मध्ये साहेलच्या दुष्काळात डॉक्टरांच्या सेवापथकाबरोबर हिंडून त्याने भुकेल्यांचे हाल जगापुढे मांडले; १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्टेशनावरचा लोंढाही टिपला. रवांडातील १९९४ च्या नरसंहाराने मात्र तो पुरता खचला. घरी परतला, तो वडिलांचे रानही उजाड! तेथे अरण्य उभारावे, असे पत्नी लेलियाने सुचविले. १९९८ साली दोघांनी संस्था स्थापिली. वीस लाखांहून अधिक झाडे लागली, आटलेले झरे वाहू लागले. मे २०२५ मध्ये तो निवर्तला.

दुःखितांचे ऋण चित्रांनी फिटते काय? मला वाटते, साल्गादोने ते झाडांनी फेडले.