कोवळ्या आतड्याची राखण

आईला दूध येत नसेल तर वरचं दूध द्यावं, असं आपण सहज म्हणतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते बहुधा निभतंही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तसं नाही. आतड्याला आतून पेशींचा एकेरी थर असतो. या बाळांमध्ये त्या पेशींमधले सांधे पक्के झालेले नसतात. जंतू आत घुसले की सूज येते, पेशी मरतात, कधी आतड्याला भोकही पडतं. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हे या जीवघेण्या आजाराचं नाव.

धारावीजवळच्या, पालिकेच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ही पहिली. व्हिएन्नात अशी पेढी १९०९मध्येच निघाली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ल्युकस आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. नुसत्या पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये हा आजार नुसत्या मानवी दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. एवढा फरक वैद्यकात क्वचितच दिसतो!

पेढीतलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, पण दुधातल्या जिवंत पेशीही मरतात, प्रतिपिंडं घटतात. म्हणून पहिला मान स्वतःच्या आईच्या दुधाचा. काही खास शर्करा मात्र या उष्णतेत टिकतात. गंमत म्हणजे त्या बाळाला पचतच नाहीत. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं ते खाद्य. शिवाय काही रोगजंतू आतड्याच्या पेशींऐवजी या शर्करांनाच चिकटतात आणि शीवाटे बाहेर पडतात.